पाणी टाकून न बघितलेला पाईप

“जरा डावीकडे घे रे, नवरदेवाच्या खांद्यावर पडतंय.”

हे घरमालक नाना मला म्हणत होते. मी स्टुलावर उभा. दोन्ही हात वर. हातात फरशी पुसायची निळी बादली. डोक्यावर एसी. एसीतून पाणी गळत होतं आणि ते मी झेलत होतो. ठिबक कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, तशी बादली बी इकडून तिकडं. खाली सोफा, सोफ्यावर नवरा-नवरी. समोर हॉल भरलेला. बाहेर जळगावचं मे महिन्याचं ऊन, आत अत्तर, गजरे, फोटोवाला. साखरपुडा चालू होता, आणि त्या साखरपुड्यात मी पन्हाळीचं काम करत होतो.

फोटोवाला म्हणाला, हा माणूस फोटोत येतोय. खरंच येत होता. मी कुठं जाणार होतो? मंग डेकोरेशनवाल्यानं मागचा सोनेरी पडदा धरला आणि ओढून माझ्यावरून पुढं घेतला. मनगटं आणि बादली बाहेर, बाकी मी आत. पडद्यावर थर्माकोलची अक्षरं चिकटवलेली होती. त्यातलं एक बरोबर माझ्या तोंडावर आलं. कोणतं ते माहीत नाही, मला वाचता येत नाही. त्याला एक उभी दांडी होती एवढं नाकाला समजलं.

लोकांना वाटेल, चला, एसीच्या सगळ्यात जवळ हाच, गार वारा खातोय. तसं नसतं. एसी वारा समोर फेकतो. बरोबर खाली जो उभा असतो त्याला काही लागत नाही. अख्ख्या हॉलात घाम माझ्या एकट्याचा निघत होता.

पाहुण्यांतला एक जण म्हणाला, “नाना, नवीन मॉडेल दिसतंय. माणूस सोबतच येतो का?”

मी पडद्याआडून म्हणलो, “येतो साहेब, पण माणसाला वॉरंटी नाही.”

सगळा हॉल हसला. नवरी बी हसली. आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. बादली धरलेल्या, पडद्यात गुंडाळलेल्या माणसाला बरं वाटलं, की आपला विनोद चालला.

असा मी.

आता हे गाढव स्टुलावर चढलं कसं ते सांगतो.

मी एसी बसवतो. एका दुकानासाठी बसवायचो. गिऱ्हाईक दुकानात एसी घ्यायचं, शेठ मला पत्ता सांगायचा, मी जाऊन बसवून यायचो. शाळेत मी गेलो होतो, पण शाळा काही माझ्यात आली नाही. काम दुसऱ्यांच्या हाताखाली राहून शिकलो. खोक्यात एक पुस्तक येतं, त्यात चित्रं असतात. एकदा मी ते उलटं धरून बघत होतो, गिऱ्हाईक म्हणालं, उलटं धरलंय. मी म्हणलो, साहेब, भिंतीला बसवायचंय ना, मंग भिंतीकडून वाचायला नको? ते हसलं. कारागीर अडाणी आहे हे त्याला समजलं, पण हसलं म्हणून त्यानं काम काढून घेतलं नाही. माझं सगळं आयुष्य असंच चाललं. दुसऱ्यानं माझी थट्टा करायच्या आधी मीच करून घ्यायची. मंग त्याच्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

काम सांगायला सोपं आहे. एक मशीन आत भिंतीवर, एक बाहेर गच्चीवर. दोघांच्या मधी तांब्याच्या दोन नळ्या, एक जाड, एक बारीक, अंगावर काळा फोम. त्यातून गॅस फिरतो. त्या नळ्यांचे भारी लाड असतात. वाकवताना चेपू नको, तोंड हळू फुलव, नट जपून आवळ. तिसरा पाईप साधा प्लॅस्टिकचा, ड्रेनचा. आतल्या मशीनला घाम फुटतो, त्याचं पाणी बाहेर न्यायचं. त्या पाईपचे कोणी लाड करत नाही. गळला तरच लोक विचारतात, हा कोणी बसवला.

ड्रेनला दोनच गोष्टी लागतात. एक, सगळीकडं उतार. दोन, झाकण लावायच्या आधी मशीनच्या ताटलीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि बाहेर जाऊन बघायचं, धार पडते का. पडली तर झाकण लाव. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. माझ्यासारख्यालासुद्धा समजतं.

नानांचं घर जळगावच्या नव्या कॉलनीत. यावलकडे केळीच्या बागा, इथं स्वतःचा बंगला. पोरीच्या साखरपुड्याला नाशिकची माणसं येणार, त्यांना आपलं ऊन सोसणार नाही, म्हणून हॉलला एसी. नाना वाईट माणूस नाही. शिवी देत नाही, ओरडत नाही. हे मुद्दाम सांगतो. शिवी देणाऱ्याचं बरं असतं, ती परत देता तरी येते.

मी गेलो तेव्हा नाना खुर्ची टाकून बसले. विचारलं, “कुठले तुम्ही?”

मी म्हणलो, एरंडोलकडचा.

“एरंडोलकडे कोणाचे?”

जात न विचारता जात विचारायची ही पद्धत. कोणाचे म्हणलं की गाव सांगावं लागतं, गावात गल्ली सांगावी लागते, आणि आमची तर गल्ली बी नाही. नाल्यापलीकडं खालच्या अंगाला वस्ती. मी आडनाव सांगितलं, वस्ती सांगितली. नाना म्हणले, बरं बरं. मंग म्हणले, “तू कर सुरू.”

तुम्हीचा तू झाला. एवढंच झालं. त्याला काही आवाज झाला नाही.

पाईप न्यायला सगळ्यात जवळची भिंत देवघराची होती. तिला भोक पाडलं असतं की पलीकडं मागचं अंगण, सरळ उतार, काम खलास. मी पेन्सिल टेकवली, नाना म्हणले, त्या भिंतीला हात नको. देवाजवळून घाण पाणी नको जायला. ते पाण्याबद्दल बोलत होते की हाताबद्दल, मी विचारलं नाही. मी म्हणलो, बरोबर आहे नाना, देवाला सर्दी व्हायची. नाना हसले. मी पाईप भिंतीवरच्या पोकळ पीओपीच्या आतून लांब फिरवून समोरच्या बाजूला नेला. लांब फिरवला की पाईपला झोळ पडतो. मी आत हात घालून घालून बघितलं, मला वाटलं नीट आहे.

चहा आला. त्या दिवशी एक वायरमन बी आला होता, पंख्याचं काम करायला. त्याला स्टीलच्या कपात. मला कागदाच्या कपात, तो बी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेला. मी वायरमनला म्हणलो, बघ भो, तुला शंभर जणांचा उष्टा कप, मला कोरा. मान कोणाचा? वायरमन हसला. नानी आतून बघत होत्या, त्या बी हसल्या. नानी म्हणजे नानांची बायको, मऊ बाई. त्यांना वाटलं असेल, चला, याला काही वाटलं नाही.

मंग ती वेळ आली. मशीन बसलं, नळ्या जोडल्या, झाकण उघडं. आता तांब्याभर पाणी पाहिजे. मी घरून पाण्याची बाटली नेतो, रोज नेतो. त्या दिवशी उन्हानं ती कधीच संपवली होती. मी स्टुलावरून उतरलो. स्वयंपाकघराचं दार समोर. माठ दिसत होता, त्यावर पालथा घातलेला तांब्या दिसत होता. नानी पोळ्या लाटत होत्या. फक्त म्हणायचं होतं, नानी, तांब्याभर पाणी द्या, पाईपात टाकायचंय.

मी दारापर्यंत गेलो. तोंड उघडलं. तोंडातून काही निघालं नाही.

नानींनी वर बघितलं. म्हणल्या, काय रे? मी म्हणलो, काही नाही, पोळीचा वास आला म्हणून नाक घेऊन आलो होतो, आता परत नेतो. त्या हसल्या. मी परत आलो, झाकण लावलं, एसी चालू केला. गार वारा सुटला. नाना खुश. मी म्हणलो, ओके आहे नाना.

ओके काय होतं? माझं डोकं.

हे कुठून आलं ते बी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नाटक करतोय.

लहानपणी बापासोबत कापूस वेचायला जायचो. एकदा मालकाच्या खळ्यावर मी पाणी मागितलं. मालकीणबाईनं तांब्या आणला, मी ओंजळ धरली, तिनं वरून धार सोडली. एक घोट झाला असेल, तिला कोणी हाक मारली. तिनं तांब्या सरळ केला आणि बोलायला लागली. मी ओंजळ धरून तसाच. ती बोलतेय. मी वर बघतोय. ओंजळ किती वेळ धरून उभं राहायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. मंग मला काय सुचलं, मी कोरडा तळहात चाटला आणि कुत्र्यासारखं तोंड केलं. बठ्ठ्या बाया हसल्या, एकूण एक. मालकीणबाई बी हसली आणि तिनं पुन्हा धार सोडली.

त्या दिवशी मी शिकलो, हसवलं की पाणी मिळतं.

बाप लांबून बघत होता. तो हसला नाही. घरी जाताना वाटेत थांबला आणि अहिराणीत म्हणाला, “तीस लागनी ते दम धर. पन पानी मांगू नको.” तहान लागली तर सोस, पण मागू नको. तो स्वतः तेलाच्या जुन्या डब्याला ओलं पोतं गुंडाळून घरचं पाणी न्यायचा. डबा संपला की दिवसभर कोरडा. कोरडाच गेला तो. शेवटी दवाखान्यात बी पाणी मागितलं नाही त्यानं, नर्सनं स्वतःहून दिलं.

मी त्याचं ऐकलं. कोणाच्याच घरी पाणी मागितलं नाही. पण पाईपला तहान लागते हे बापाला कुठं माहीत होतं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. नानांच्या एसीतून भिंतीवर पाणी उतरतंय, पळ. शेठ म्हणाला, नानांच्या शब्दावर अर्धी कॉलनी आपल्याकडं एसी घेते. ते नाराज झाले तर तू माझ्याकडं येऊ नको. हंगाम ऐन भरात होता. एसीचं काम उन्हाळ्यातच असतं, पावसाळ्यात आम्हाला कोणी ओळखत नाही. या दुकानातून निघालो तर मी पुन्हा केळीचे घड उचलायला. कमरेनं कधीच राजीनामा दिलेला.

गेलो. भिंतीवर पाण्याचा ओघळ. समजलं. पीओपीच्या आत झोळात पाणी अडलं होतं आणि उलटं येत होतं. पीओपी फोडल्याशिवाय निघणार नव्हतं. आणि पाहुणे तर दारात.

नानांनी फक्त एक विचारलं, “पाणी टाकून बघितलं नव्हतंस का?”

काय सांगणार? नाना, बघायचं होतं, पण तुमच्या माठापर्यंत माझा आवाज पोचला नाही, हे सांगू? मी म्हणलो, विसरलो नाना, डोक्यातला ड्रेन चोक आहे.

या वेळी नाना हसले नाहीत. म्हणले, एसी बंद ठेवता येणार नाही, माणसं घामाघूम होतील. टेबल ठेवलं तर डेकोरेशन खराब दिसतं. तू चढ. कार्यक्रम होईपर्यंत धर.

मी चढलो. चूक माझी होती ना.

तर पडद्याच्या आत मी. किती वेळ झाला मला माहीत नाही. हात आधी दुखले, मंग दुखायचे थांबले, मंग माझे राहिले नाहीत. बादली भरत आली की नानांचा पुतण्या ती घेऊन ओतून आणायचा, तेवढ्यापुरते हात खाली. नवरीला साडी दिली, नवरदेवाला अंगठी, नारळ, टाळ्या. मी काही बघितलं नाही, आवाजावरून समजत होतं. मधूनमधून कोणी पडद्याकडं बघून बोलायचं, मी आतून उत्तर द्यायचो, लोक हसायचे. एका बाईनं विचारलं, आत कोण आहे हो? मी म्हणलो, मुलीकडचा आहे.

मंग सरबत फिरलं. बर्फ ग्लासाला लागून वाजत होता. तो आवाज मी आधी कधी एवढ्या जवळून ऐकला नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती. बाटली माझ्या पिशवीत, पिशवी दाराबाहेर. नानी ट्रे घेऊन सोफ्यापाशी आल्या, नवरदेवाला दिलं, नवरीला दिलं, शेजारी दिलं. त्यांची पाटली पडद्याला घासून गेली.

आणि मी म्हणलो, “नानी, मला पाणी द्या थोडं.”

मीच दचकलो. हा कोणाचा आवाज? त्या मालकीणबाईच्या खळ्यानंतर मी कोणाच्या घरात हे म्हणलो नव्हतो.

नानी थांबल्या. त्या काही बोलायच्या आधी नाना बोलले. पाहुण्यांसमोर, हसत, चांगल्या मनानं बोलले. “अरे, हातात बादली भरलीय तुझ्या. पी की त्यातलं. फिल्टरपेक्षा शुद्ध असतं ते.”

हॉल हसला. कोणी म्हणालं, आणि थंडगार बी.

मी सवयीनं काय केलं सांगू? बादली खाली घेतली. पडदा बाजूला केला. तोंडाजवळ नेली. कुत्र्यासारखं तोंड करायचं, एक घोट घेतल्यासारखं करायचं, अहाहा म्हणायचं, लोक पोट धरून हसतील. हे सगळं माझ्या अंगात तयार होतं. मला विचार करावा लागत नाही.

बादलीतून फिनाईलचा वास आला. पाण्यावर फरशीच्या पोचाऱ्याचे धागे तरंगत होते.

मी वर बघितलं. सगळे वाट बघत होते. हसायला तयार तोंडं. नवरदेव मोबाईल काढून बसला होता, माझा व्हिडिओ घ्यायला. आणि मला हसवता येईना. मी जोर लावला. खरंच लावला. तोंड हललं नाही. जसं एखादं मशीन चालू केलं आणि नुसतं गुरगुरलं.

मी स्टुलावरून उतरलो. बादली नानांच्या समोरच्या टीपॉयवर ठेवली, काजू-बदामाच्या ताटाशेजारी.

म्हणलो, “नाना, हे मी पीत नाही. घरातलं द्या. माठातलं.”

नाना हसतच म्हणले, देऊ की, कार्यक्रम होऊ दे, आधी वर चढ, बघ, सोफ्यावर पडतंय.

पडतच होतं. नवरीच्या नव्या शालूवर टपटप. सगळे उठून सरकले. कोणी एसी बंद केला नाही, रिमोट कोणाकडं होता कोण जाणे.

मी म्हणलो, “पाणी प्यायल्यावर चढतो.”

आता कोणी हसत नव्हतं. नाशिकच्या पाहुण्यांतली एक म्हातारी बाई होती, तिच्या हातात पाण्याचा भरलेला ग्लास होता. तिनं तो माझ्याकडं केला. अर्धा हात पुढं आला. मंग तिनं नानांकडं बघितलं. हात परत गेला. नानी ट्रे धरून उभ्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या घरात पाणी होतं. माठात, ग्लासात, डोळ्यांत, भिंतीत. मला द्यायला नव्हतं.

मी दाराबाहेर जाऊन पिशवी उचलली. मागून पुतण्या ओरडला, ओ मिस्तरी, हे कोण धरणार?

मी मागं वळलो नाही. मला वाटलं होतं असं काही केल्यावर छाती भरून येते. तसं काही झालं नाही. नुसती भूक लागली होती. घरी पोचेपर्यंत शेठचा फोन येऊन गेला. तो बी ओरडला नाही. म्हणाला, तुझ्याबद्दल मला वाईट वाटतं, पण आता येऊ नको.

रात्र व्हायच्या आत मी बायकोला सगळं सांगितलं. सांगितलं कसं, करून दाखवलं. डोक्यावर बादली म्हणून भगुनं धरलं, पडदा म्हणून तिची ओढणी घेतली, नानांचा आवाज काढला. मला वाटलं ती हसेल, मंग मी बी हसेन, मंग संपेल. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

म्हणाली, “एक गिलास पानीसाठे काम गयं?”

मी म्हणलो, हो.

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मंग म्हणाली, “पन पाईपमा टाकाले पानी कसाले नही मांगं?”

पाईपात टाकायला पाणी का नाही मागितलंस. बस, एवढंच. नानांनी तेच विचारलं होतं, त्यांना मी विनोद दिला. हिला विनोद देता येईना. बारा भानगडी सांगितल्या असत्या, ती ऐकून घेत नाही. मी भगुनं खाली ठेवलं आणि बसलो. आणि तिथं बसल्या बसल्या मला समजलं.

बाप म्हणाला होता, मागू नको, म्हणजे अपमान होणार नाही. मी मागितलं नाही. म्हणून पाईप तसाच कोरडा झाकला. म्हणून तो गळला. म्हणून मी बादली घेऊन चढलो. म्हणजे अपमान टाळायला जे केलं, त्यानंच तो घरी बोलावून आणला. एसी बसवला त्या दिवशी त्यांनी मला पाणी नाकारलं नव्हतं. त्यांना नाकारावंच लागलं नाही. मीच त्यांच्या वतीनं मला नाकारत होतो, वर्षानुवर्षं, फुकट, आणि वर हसवत होतो. नाना काय करत होते? खुर्चीवर बसले होते. सगळं काम मीच करत होतो.

बापाला मी दोष देत नाही. त्याच्याकडं तेवढंच होतं, ते त्यानं दिलं. पण ते संपलेलं पाणी होतं.

जळगावात मंग कोणी उभं करेना. दुकानदार एकमेकांना ओळखतात, आणि तो व्हिडिओ बी फिरला. त्यात मी बादली टीपॉयवर ठेवताना दिसतो, आवाज नीट येत नाही, खाली कोणी काहीतरी लिहिलंय. मी कोणाकडून वाचून घेतलं नाही. धुळ्याला माझा साला राहतो, त्याच्या ओळखीनं तिथल्या एका दुकानात लागलो. साला म्हणाला, दाजी, इथं गप्प राहा. मी म्हणलो, गप्पच असतो, तोंड आपोआप चालतं.

पहिलं काम धुळ्यातल्याच देवपुरात. चांगलं घर, मास्तरीणबाई. मी पिशवी खाली ठेवली. उघडली नाही. दारातच उभं राहून म्हणलो, ताई, आधी पाणी पाहिजे. प्यायला बी आणि पाईपात टाकून बघायला बी. घरातल्या भांड्यात द्या.

एवढं साधं वाक्य, पण मी ते एसटीत धुळ्यापर्यंत घोकत आलो होतो.

बाई म्हणाली, बाटली नाही का आणली? मी म्हणलो, आणली आहे, भरलेली आहे. तुमच्या घरातलं पाहिजे. मंग तिनं विचारलं, “तुम्ही कुठले?”

मी म्हणलो, एरंडोलकडचा. नाल्यापलीकडच्या वस्तीचा. आडनाव बी सांगितलं, तिनं विचारायच्या आधी. म्हणजे तिला पुढचा प्रश्न शोधायला नको.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा हात रिकामा होता. म्हणाली, दुकानवाले दुसऱ्या माणसाला पाठवताहेत.

मी पिशवी उचलली. फाटकातून बाहेर पडताना जुना मी जागा झाला. मला म्हणाला, अरे गाढवा, आधी हसवायचं होतं. वळ अजून, एखादं तोंड कर, ती विरघळेल. विनोद बी सुचला होता, चांगला होता. मी तो गिळला. भलता कडू लागला.

आता साल्याचं तोंड वाकडं आहे. बायको काही म्हणत नाही, पण संध्याकाळी विचारते, आते काय करशी? आता काय करणार, असं. हंगाम चाललाय. शेजारच्या प्रत्येक गच्चीवर कोणाचं ना कोणाचं मशीन चढतंय आणि माझा ड्रिल घरात पडून आहे. उद्या कोणी बोलावलंच, तर ते घर बी असंच निघेल, हे मला माहीत आहे. सगळी तशी नसतात म्हणतात. नसतील. मला ती अजून भेटली नाहीत.

पण एक ठरलंय. कोणत्याही घरात पिशवी उघडायच्या आधी मी पाणी मागणार. मोठ्यानं मागणार, वस्तीचं नाव सांगून मागणार, ते ज्या भांड्यातून पितात त्या भांड्यात मागणार. तोंड करणार नाही, ओंजळ धरणार नाही. दिलं तर पाईप असा बसवीन की थेंब आत राहणार नाही. नाही दिलं तर त्या घराच्या भिंतीला माझ्या हातानं भोक पडणार नाही. मरू देत त्यांना उकाड्यात. माझी चूल बंद पडली तरी चालेल, आणि ती पडेल, दिसतंय मला.

बाप न मागता गेला. मी मागणार.